चुलीजवळचा डबा

गव्रीलचा ट्रक अफानासीच्या दारात उभा होता आणि त्याचं इंजिन बंद होतं.

प्रोकोपीकाकांच्या गाडीतून उतरताना अफानासीला आधी तेवढंच दिसलं. थंडी उणे बावन्न अंश. सायबेरियातल्या यना नदीकाठच्या त्या गावात हिवाळ्यात कुणी इंजिन बंद करत नसे. चहापुरता थांबणारा गाडी घुरघुरत ठेवूनच आत जाई. बंद करून जाई तो मुक्कामाला.

"तिकडे काय बघत बसलास?" प्रोकोपीकाका म्हणाले. "दोनला मालाच्या ट्रकांचा काफिला निघतोय. आज ज्याची गाडी सुरू होणार नाही, त्याचं नाव हिवाळाभरासाठी कटलं. तुझ्या इंजिनात तेल कुठलंय?"

"उन्हाळीच. सप्टेंबरात जो दवाखान्यात गेलो तो आज येतोय."

"मग त्याच्या वड्या पडल्या असतील. आणि हिवाळी तेल गावात कुणाकडे थेंबभर शिल्लक नाही. गव्रीलकडे आहे तेवढंच, एका गाडीपुरतं."

"त्याच्याकडून मी आगपेटीतली काडीसुद्धा घेणार नाही."

"ठाऊक आहे रे बाबा. अख्ख्या गावाला ठाऊक आहे." काका हसले आणि निघून गेले.

बारा वर्षांपूर्वी वार्वाराला मागणी घालायला गव्रील आधी गेला होता. नकार मिळाला, तरी तिच्या नि अफानासीच्या लग्नात तोच सगळ्यांत जास्त नाचला. ते नाचणं अफानासीला अजून खुपत होतं. आशा सुटलेला माणूस असा नाचत नाही, असं त्याला वाटे.

त्याने दार ढकललं. चुलीजवळ दोन बॅटऱ्या होत्या, आणि शेजारी वीस लिटरचा तेलाचा डबा. डब्यावर पिवळ्या रंगात गव्रीलचं नाव. इंजिन बंद केलं की तेल गरम असतानाच काढून घ्यायचं आणि बॅटऱ्यांसकट चुलीजवळ ठेवायचं, ही तिथली रीतच. पण ज्याने त्याने आपल्या चुलीजवळ.

मेजावर चहाचे दोन पेले होते.

"आलास?" वार्वारा लगबगीने उठली. तिचे गाल लाल झाले होते आणि बाहीला काजळी लागली होती. "मला वाटलं, जेवायच्या वेळेपर्यंत येशील."

"लवकर आलो म्हणून पंचाईत झाली का?"

"काहीतरीच तुझं. बस, वाळलास किती."

"गव्रील कुठंय?"

"काफिल्याच्या मुख्याकडे गेलाय. येईल एवढ्यात."

"गाडी कधीपासून आहे त्याची इथे?"

"कालपासून." ती अडखळली. "बाकीचं त्यालाच विचार. मी काही बोलायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"आधी खाऊन घे, अफानासी."

तिने तव्यावरची पहिली पोळी मोडली, तुकडा चुलीत टाकला आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटली. वाटेला लागणाऱ्या माणसासाठी आगीला असा घास देतात. आपण जाणार की नाही, हे तर तिने विचारलंही नव्हतं. मग हा घास कुणासाठी, ते त्याला वेगळं सांगायला नको होतं.

"थोडं दूध काढून आणते," असं म्हणून ती बादली घेऊन गोठ्याकडे गेली.

अफानासी डब्यापाशी गेला. झाकण काढलं. तेल ऊन होतं, तापवलेल्या मधासारखं पातळ. त्याच्या गाडीला नेमकं एवढंच लागलं असतं. क्षणभर हात थबकला. पण तो चोर नव्हता. दुसऱ्याचं तेल आपल्या गाडीत घालणारा माणूस तो नव्हे.

त्याने डबा उचलून घरामागे नेला. तिथे त्याची स्वतःची गाडी बर्फात रुतून उभी होती. तिच्याखाली राख पसरली होती, बर्फ काळं पडलं होतं. म्हणजे आता चुलीची राखही वार्वारा वाटेल तिथे फेकायला लागली होती. घराकडे लक्ष असेल कसं?

त्याने डबा उलटा केला. बर्फ चर्र झालं. काळा ओघळ जरा पुढे सरकला, मग संथ झाला, मग डांबरासारखा थिजला. पायाने बर्फ ओढून त्याने तो झाकला. आता दोन वाजता गव्रीलचं नाव कटणार होतं. आपलं कटणारच होतं. पण एकट्याचं नाही.

आत येऊन त्याने डबा होता तिथेच ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि पोळी खायला बसला. कित्येक महिन्यांत त्याला अशी भूक लागली नव्हती.

वार्वारा दूध घेऊन आली, तिच्या पाठोपाठ गव्रील. त्याच्या भुवया बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"आलास होय? बरं झालं बाबा." त्याने हातमोजे चुलीवर टांगले. "मुख्याला सांगून आलो. काफिल्यात तुझं नाव ठेवलंय, माझं काढलंय."

अफानासीचा घास तोंडातच राहिला. "तुझं काढलं?"

"तेल एका गाडीचं, गाड्या दोन. मग काय करणार? मी एकटा जीव. एक हिवाळा बहिणीच्या घरी बसून खाल्लं तर बिघडलं काय? झोपतोच आहे कालपासून तिच्याकडे. हां, तिथे घोरतात फार."

वार्वारा हसली. "आता सांगू का त्याला?"

"सांग की. आता तो नाही कसा म्हणेल?"

"तुझ्या बॅटऱ्या थंडीने फुटल्यात," ती अफानासीला म्हणाली. "याने आपल्या काढून आणल्या. काल दिवसभर आम्ही दोघांनी तुझ्या गाडीखाली निखारे ठेवून ते उन्हाळी तेल काढून टाकलं. तुला आधी कळलं असतं तर तू हातसुद्धा लावू दिला नसतास."

"हट्टी आहेच तो," गव्रील म्हणाला. "चल, ऊठ. तेल ऊन आहे तोवर ओतून घेऊ."

तो चुलीपाशी वाकला, पाय रोवले, आणि भरलेल्या डब्याला लागतो तेवढा जोर लावून त्याने डबा उचलला.