दोन घास

कालव्याच्या कडेला हिरवं गवत दिसलं की म्हातारी घोडी थांबून मान खाली घालायची आणि दर वेळी म्हाकू धनगर दोर ओढायचा. पाठीवर अख्खा संसार घेऊन ती चार दिवस चालत होती. दुसरे कळप पोचायच्या आत घाट उतरून कोकणातलं रान गाठायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"अवं, दोन घास खाऊ द्या की तिला," बायको ठकू म्हणाली.

"मुक्कामाला खाईल."

पण मुक्कामाला तिचं ओझं उतरेपर्यंत मेंढरांनी गवत फस्त केलेलं असायचं.

पाचव्या दिवशी घाटाच्या वळणावर घोडी खाली बसली, ती उठलीच नाही. म्हाकूनं दोऱ्या सोडल्या, दरडीवरचं गवत मुठीमुठीनं उपटून तिच्या तोंडाशी धरलं. "खा गं बाय. आता घाई न्हाई कसली." तिनं एक काडी ओठांत धरली आणि मान टाकली.

भांड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन ठकू चालू लागली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हाकूला वाटलं.

खाली दरवर्षीचा शेतकरी बांधावर भेटला. "एवढी धावपळ कशाला केलीत? तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची मेंढरं मी शेतात खतासाठी बसवतो का? आणि घोडी कुठंय?"

म्हाकूनं घाटाकडं पाहिलं.

"मागं चरतीया," तो म्हणाला.

तेव्हा मात्र ठकूला रडू फुटलं.