भातलावणीची चार पानं

“ही बाई येडी हाय का वं, मॅडम?”

नंदाबाईंनी चित्रावर बोट ठेवलं आणि त्या खुदकन हसल्या. कौमुदीचा चहाचा कप तोंडाशी गेला होता, तो तिथेच थांबला. मुलांच्या चाळीस पुस्तकांची चित्रं काढलेली बाई ती, तळेगावच्या कला महाविद्यालयात एकोणीस वर्षं शिकवत होती. तिच्या चित्रातल्या बाईला आजवर कुणी वेडी म्हटलं नव्हतं.

पण हा अधिकार तिनेच नंदाबाईंना दिला होता. भाजे गावाहून झाडलोटीला येणाऱ्या नंदाबाईंना अक्षर वाचता यायचं नाही, मात्र चित्र वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुस्तक प्रकाशकाकडे पाठवण्याआधी कौमुदी नुसती चित्रं त्यांच्यापुढे पसरायची, आणि नंदाबाई गोष्ट सांगायच्या. जिथे त्या अडतील ते पान चुकलं, असा कौमुदीचा हिशेब. साऱ्या कॉलेजला ही पद्धत माहीत होती. आज पुस्तक पुण्याला जायचं होतं, आणि नंदाबाई भातलावणीच्या पानावर अडल्या होत्या.

“वेडी का म्हणे?”

“रोप पुढ्यात लावायचं, आन् मंग त्येच्यावरच पाय दिऊन पुढं जायाचं? समदं तुडवून टाकलं की हिनं!”

“मग कसं जायचं?”

“आवं, मागं मागं! आता ह्ये बी सांगाया लागतंय व्हय?”

नंदाबाईंनी पदर खोचला. टेबलावरच्या बरणीतले ब्रश मुठीत घेतले आणि वाकून एकेक ब्रश फरशीवर मांडत निघाल्या. ब्रश ठेवला, की पाऊल मागे. असं करत त्यांची पाठ कपाटाला टेकली. मग कमरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या. समोर ब्रशांची नीट ओळ लागली होती.

“बगा. येक तरी तुडवला का?”

कौमुदी मनापासून हसली. घोरावाडी ते मळवली, किती पावसाळे तिने लोकलच्या खिडकीतून ही भातखाचरं पाहिली होती! धावत्या गाडीतून वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसतात. पावलं कुठे जातात ते पाहायला खाली उतरावं लागतं, आणि ती कधी उतरली नव्हती. चूक तर चूक. तिने तिथल्या तिथे प्रकाशकांना फोन लावला आणि पुस्तक महिनाभर लांबेल म्हणून सांगून टाकलं. ते कुरकुरले. ती बधली नाही.

फोन ठेवला आणि तिला शहिस्ता आठवली. हसू पार मावळलं.

कामशेतच्या बाजारातल्या मणियारांची ही मुलगी शेवटच्या वर्षाला होती. याच प्रकाशकांना यंदा एका विद्यार्थ्याचं पहिलं पुस्तक काढायचं होतं. नाव सुचवायचं काम कौमुदीचं, आणि शहिस्ताइतकी जाण वर्गात दुसऱ्या कुणाला नव्हती. तिच्याही पुस्तकात भातलावणीची चार पानं होती. त्या चारही पानांवर बायका मागे मागे जात होत्या.

“पुस्तकातलं माणूस पुढच्या पानाकडे बघतं, शहिस्ता,” कौमुदीने गेल्या सोमवारी भर वर्गात सुनावलं होतं. “तुझ्या बायका आल्या पावली घरी निघाल्यात!”

वर्ग खो खो हसला होता.

“मॅडम, मी आठ दिवस बांधावर बसून काढलंय हे.”

“बांगड्यांच्या दुकानातली पोर तू. शेती मला नको शिकवूस. चारही पानं फिरवून आण. पुढच्या सोमवारी चार वाजता. नाहीतर मी दुसरं नाव कळवते.”

आज तोच सोमवार होता आणि पावणेचार वाजले होते. शहिस्ता शब्दाबाहेर जाणारी मुलगी नव्हती. तिने त्याच चित्रांवर रंग चढवला असणार. रंगाखाली एकदा झाकलेलं पुन्हा मिळत नाही, हे कौमुदीनेच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तिने दोनदा फोन लावला. लागला नाही. काय करून बसलो आपण, असं तिला होऊन गेलं.

चारच्या ठोक्याला शहिस्ता दारात हजर. पाठीला चित्रांची मोठी बॅग. तिने चार पानं काढून टेबलावर मांडली. सगळ्या बायका पुढच्या पानाकडे तोंड करून चालल्या होत्या. काम अगदी सफाईचं होतं.

“आगं बया! ह्या बी येड्याच!” नंदाबाई म्हणाल्या.

कौमुदीने आढेवेढे घेतले नाहीत. “शहिस्ता, चुकले मी. तुझंच बरोबर होतं. उद्या वर्गापुढे सांगते. पुस्तक तुझंच निघणार.” मग तिचा आवाज खाली आला. “पण आधीची चित्रं... त्यांच्यावरच रंग दिलास ना गं?”

शहिस्ताने बॅगेचा मागचा कप्पा उघडला आणि आणखी चार पानं बाहेर काढली. त्यांवर नवा रंग कुठेच नव्हता.

“आणलीत मॅडम,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचंही भातलावणीचं पान आज नंदाबाईंपुढे जाणार, हे मला ठाऊक होतं.”