पाचवा हात

“ऐन वेळी कच खाणार नाही ना?” जिन्याच्या वळणावर तिने खजिनदाराला गाठून विचारले.

“शब्द दिलाय ना, ताई. आता जीव खाऊ नका माझा. कुणी पाहिलं तर उगाच बोभाटा.”

तो वर निघून गेला. ती कठड्याला धरून क्षणभर थांबली. इतक्या वर्षांचा राग आज अंगात शांत उभा होता, परीक्षेच्या वर्गातल्या शांततेसारखा.

सभागृहाबाहेरच्या बाकांवर पालक बसले होते. शिक्षण मंडळाच्या आठ सभासदांपुढे आज दोनच विषय होते: आधी नव्या अध्यक्षाची निवड, मग नदीपलीकडची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव. पालकांच्या घोळक्यात तिची आईही होती. ती शाळा आईने दोन खोल्यांत सुरू केली, मुख्याध्यापिका म्हणून वाढवली. पुढे अध्यक्षांच्या नापास पुतण्याला वर ढकलायला तिने नकार दिला. तेव्हा एका सकाळी, भर पटांगणात, मुलांच्या रांगांसमोर, अध्यक्षांनी तिच्याकडून शाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या. आईचा रिकामा तळवा बराच वेळ तसाच पसरलेला राहिला होता. तो पाहून पहिल्या रांगेतली एक मुलगी रडू लागली होती. ती मुलगी, तिचीच लेक, आज मंडळाची सभासद होती.

“अगं, त्याची खुर्ची घेऊन मला काय करायचंय?” आई सकाळीच म्हणाली होती. “शाळा वाचव. बाकीचं सोडून दे.”

“दोन्ही होईल, आई. तू बघच.”

गेल्या वर्षीही हा प्रस्ताव आला होता. शाळेच्या बाजूचे चार सभासद होते, विरोधातलेही चार. पण विरोधातले एक स्वतः अध्यक्ष, आणि मते समसमान पडली तरच अध्यक्षाने मत द्यायचे, असा मंडळाचा नियम. प्रस्ताव चार विरुद्ध तीन असा पडला. टेबलावर पालथी राहिलेली अध्यक्षांची मूठ तिने डोळे भरून पाहिली. त्या एका दृश्यावर तिने वर्ष काढले.

पण तेवढ्याने तिचे भागणार नव्हते. तिला त्यांना चारचौघांत खुर्चीवरून उठताना पाहायचे होते.

तशात अध्यक्षांनी एका सभेत खजिनदाराला सर्वांसमोर झापले. त्याच संध्याकाळी तो आपणहून तिच्या दारात उभा राहिला.

“पुरे झाली ही चाकरी. आजपासून मी तुमचा.”

“मी खुर्चीत बसले की माझं मत अडकलं,” तिने त्याला बजावले. “शाळेच्या वेळीही तुमची साथ लागेल.”

“ते काय सांगायला हवं, ताई?”

सचिवाला मत नसते, म्हणून निवडीपुरती सभा त्याच्या हाती होती; अध्यक्षही इतरांसारखेच मत देणार होते.

“विद्यमान अध्यक्षांच्या बाजूने?”

अध्यक्षांचा स्वतःचा हात आणि आणखी दोन. खजिनदाराचे हात मांडीवर होते.

“ताईंच्या बाजूने?”

चार हात झटकन वर गेले. मग अवघडत, जणू पाण्यातून वर येत, पाचवा.

सभागृहात कुजबुज उठली. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

“माझं मीठ खाल्लंत हो तुम्ही,” ते खजिनदाराला म्हणाले. त्याने मान वर केली नाही.

ते उठले. या क्षणासाठी तिने किती रात्री जाळल्या होत्या! म्हातारा टेबलाच्या कडेचा आधार घेत होता, आणि त्या आधाराचाही तिला आनंद होत होता. त्यांनी खुर्ची मागे ओढली, तिच्यासाठी धरून ठेवली.

“बसा, बाई. शोभते तुम्हाला.”

“तुम्ही तिकडे टोकाला बसा, साहेब,” ती गोड आवाजात म्हणाली. “खिडकीतून ऊन येतं तिथे. पण होईल सवय.”

कुणीतरी फिसकन हसले. ते उन्हात जाऊन बसले.

“पुढचा विषय,” तिने घाईनेच पुकारले. “शाळा बंद करण्याचा प्रस्ताव. विरोधात कोण?”

तीन हात वर गेले. ती चौथ्याची वाट पाहू लागली. खजिनदार चष्मा पुसत होता. काच कधीच स्वच्छ झाली होती.

“खजिनदारसाहेब?”

“असं नाव घेऊन विचारता येत नाही, अध्यक्षबाई,” तो अदबीने म्हणाला. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

तिला पुढचे विचारावेच लागले. “बाजूने?”

मागच्या वर्षीचे ते दोन हात. त्यांच्या जोडीला खजिनदाराचा. आणि टोकाला, उन्हात, वर्षभर पालथा पडलेला तो म्हातारा हात, सरळ, मोकळा. तिचा स्वतःचा हात नकळत खांद्यापर्यंत आला. सचिवाने नुसते तिच्याकडे पाहिले. तिने तो खाली घेतला.

“तीन विरुद्ध चार,” सचिव म्हणाला. “प्रस्ताव मंजूर. पालकांना निर्णय अध्यक्षांनी सांगायचा असतो, ताई.”

ती उठली. दाराच्या काचेपलीकडे आई टाचा उंचावून उभी होती. लेकीला त्या खुर्चीवरून उठताना पाहून तिला हसू आवरत नव्हते.

लेकीने दाराच्या मुठीवर हात ठेवला, तेव्हा मागून जुन्या अध्यक्षांचा दबका, कौतुकाने भरलेला आवाज आला:

“खजिनदार, काय सुरेख फुटलात हो तुम्ही!”