वाकवलेलं बोट

"काकू, नवा दोडका धरलाय," म्हणत यंत्रमाळ्याने गच्चीवरच्या वेलाकडे बोट दाखवलं, तशा कुमुदकाकू कडाडल्या, "अरे मेल्या! कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की कुजतं ते. वाकव आधी!"

यंत्राने निमूट बोट वाकवलं. पुढे काकडी असो की कारलं, कोवळं दिसलं की त्याचं बोट आपोआप वाकायचं.

आज काकू गच्चीवर असतानाच त्यांची सून ऋजुता झारी घेऊन वर आली. दोनदा गर्भ पडल्यापासून ती मोजकंच बोलायची. तिच्याजवळ येताच यंत्रमाळी थबकला. देठातून वाहणारं पाणीही त्याला ऐकू यायचं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "इथंही धरलंय."

आणि ऋजुताच्या पोटाकडे हात करताना त्याने बोट वाकवलं.