झाकणातला चहा

पान एकशे बाराच्या समासात स्वप्नालीनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. मल्हार मांडीवर दूध पीत होता. त्याची मूठ सारखी कागदावर येई. ती मूठ अलगद बाजूला करून ती पुढची ओळ वाचे.

चूक मोठी होती. कादंबरी दोन काळांत चालत होती. एका काळात पलूसजवळच्या ओढ्यावर पाटाचं पाणी न्यायचा पूल बांधला जातो आणि कोसळतो. दुसऱ्या काळात तिथला इंजिनिअर म्हातारा होऊन उरलेले खांब बघायला येतो. सातव्या प्रकरणात पूल पडतो तेव्हा हा इंजिनिअर चार दिवसांपासून साताऱ्यात, रजेवर. मागं मिस्तरी आपल्या मनानं स्लॅबचे टेकू काढतो. एकवीस दिवस ठेवायचे, ते नवव्याच दिवशी. एकोणिसाव्या प्रकरणात मात्र म्हातारा खांबाला हात लावतो आणि त्याला आठवतं, पूल पडला त्या सकाळी एका गरोदर बाईनं इथंच गुळाचा चहा दिला होता. जर्मनच्या झाकणात. तसा चहा पुन्हा कधी प्यायला मिळाला नाही.

साताऱ्यातला माणूस ओढ्याकाठी चहा कसा प्याला? असल्या चुका शोधायलाच मिरजेच्या छापखान्यानं तिला ठेवलं होतं.

मग तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. झाकणात.

त्या बाईच्या पोटात स्वप्नालीच होती.

तिची आई, बयाबाई, सत्तावीस वर्षं हेच सांगत आली होती. घरातला एकुलता कप आदल्या दिवशी फुटला, म्हणून साहेबाला झाकणात चहा दिला. साहेब चहा प्याला आणि म्हणाला, टेकू काढा, उद्या मोठी माणसं बघायला येणार आहेत. धुळा मिस्तरीनं, तिच्या नवऱ्यानं, स्लॅब अजून कच्चा हाय म्हणून दोनदा सांगून बघितलं. मग टेकू काढायला तो स्लॅबखाली गेला. परत आला नाही. चौकशीत उदयसिंह साहेबांनी रजेचा अर्ज दाखवला आणि दोष धुळावर गेला. झाकणाची गोष्ट ऐकून तिथला कारकून हसला. पुढं कुणाच्या लग्नात बयाबाई दिसली की एखादा म्हणायचाच, मांडवाचे खांब सांभाळा रं, धुळ्याची बायको आलीया. पुढं पुढं ती लग्नाला जायचीच बंद झाली.

स्वप्नालीनं पानं उलटून प्रस्तावना काढली. खाली उदयसिंहांचं नाव होतं. 'नावं तेवढी बदलली आहेत. बाकी सगळं माझ्यावर गुजरलेलं आहे. एकही प्रसंग रचलेला नाही.'

तिनं खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्ह पुसून टाकलं. उरलेला वळ बोटानं हलकेच घासला, मल्हारच्या ओठावरचं दूध टिपावं तसा.

शेवटच्या प्रुफावर सही करायला उदयसिंह स्वतः साताऱ्याहून आले. स्वप्नालीचं आडनाव आता सासरचं. त्यांच्या लेखी ती नुसती प्रुफं तपासणारी पोरगी. दोन्ही काळांचा सांधा नीट बसलाय ना, काही खटकलं असेल तर आत्ताच सांग, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

"कुठंच खटकलं नाही, साहेब," ती म्हणाली.

त्यांनी 'छापायला हरकत नाही' असं लिहून खाली तारखेसकट सही केली. इतकं मन लावून कोण वाचतंय आजकाल, म्हणाले.

पंधरा दिवसांनी पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोत चढले. निम्मे पलूसला, निम्मे साताऱ्याला. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा उदयसिंह पहिली प्रत हातात घेऊन छापखान्यात बसले होते. समोर बयाबाई मल्हारला मांडीवर थोपटत होती. त्यांनी तिला ओळखलं नाही. लेकीकडं बाळ देऊन ती उठली. पिशवीतून थर्मास काढला, मग कडेला चेपलेलं एक जुनं जर्मनचं झाकण. चहा ओतून तिनं ते दोन्ही हातांनी पुढं धरलं.

साहेबांनी घोट घेतला. गुळाचा होता. ते हसले.

"मावशी, कप नाही होय?"

"तवाबी नव्हता, साहेब," बयाबाई म्हणाली. "तुमीच लिवलंय की."