जहाजातून आलेला गहू

दुष्काळाच्या साली दिघोरीच्या रेशन दुकानात जहाजाचा गहू आला, समुद्राच्या पाण्यानं भिजून कुबट झालेला. उद्या गावाला वाटायचा, म्हणून दुकानदार भैय्यालालच्या बायकोनं, सत्यवतीनं, गाय तोंड घालेल या भीतीनं तो अंगणात न वाळवता घरातच पसरला आणि धान वाळवताना ओढतात तशा पायानं त्यात ओळी ओढल्या.

दुपारी पाहते तर सगळा गहू पूर्वेच्या भिंतीला जाऊन टेकलेला.

"कायले लोटला जी तुमी?"

"मी तं आत्ताच येऊन राहिलो," भैय्यालाल दारातून म्हणाला.

तिनं पुन्हा पसरला. हात झटकून उठली, तोच गहू सरसरत पश्चिमेकडे निघाला. वारा नव्हता, तरी आढ्याला टांगलेलं दह्याचं शिंकं तिकडेच कललं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हेलकावणाऱ्या जहाजात उभं असल्यासारखी त्यानं दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती, आणि त्याच्यामागे अंगणात गाय शांतपणे रवंथ करत होती.