तीन पिढ्यांची नावं

सकाळी अकराला भवानी पेठेत लग्नाचा शॉट लागला आणि हिरो-हिरॉईनची गाडी बार्शीजवळ बंद पडली. दिवस वाया घालवणं त्या गरीब सिनेमाला परवडणारं नव्हतं.

"पाठमोरं घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. कपडेपट सांभाळणाऱ्या वैदेहीला शालू मिळाला, लाईटवाल्या गुरूला फेटा. दोघांचं जमलंय हे अख्ख्या युनिटला ठाऊक होतं. वैदेहीचे अण्णा खरेच भटजी, म्हणून वधूपित्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि मंत्रही त्यांचेच.

गुरूचा विषय निघाला तेव्हा अण्णांनी भरलं ताट सारलं होतं. "दिवे उचलणाऱ्याच्या घरच्यांची नावंसुद्धा मला नकोत."

आज त्यांनी आधीच बजावलं, "कन्यादानाला मुलाच्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. ती मी घेणार नाही. घेतली तर लग्न खरं होतं."

"आवाज घेतच नाही, अण्णा," दिग्दर्शक म्हणाला. "नुसते ओठ हलवा की!"

कॅमेरा सुरू झाला. वैदेहीचा हात गुरूच्या ओंजळीत ठेवून अण्णा खणखणीत आवाजात मंत्र म्हणू लागले. शिवलिंगप्पांचा पणतू. वैदेही दचकली. गुरूच्या पणजोबांचं हे नाव तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

"आज्जी म्हनत होती," गुरू कसाबसा पुटपुटला, "कोन तर भटजी घरी येऊन, चा पिऊन गेले."

मडिवाळप्पांचा नातू.

"कट!" दिग्दर्शक ओरडला.

अण्णांनी तिसऱ्या नावासाठी श्वास घेतला.